पाझर तलावावरचा शनिवार

शनिवार, १० जानेवारी २०२६

काय झाले ते क्रमाने. आजच लिहून ठेवते. उद्या लिहिले तर त्यात माझी भर पडेल.

१. सकाळी ६.५० ला मी आणि मोहिनी घरून निघालो. मोहिनी दादाची मुलगी. वय पाच वर्षे दोन महिने. दादा आणि वहिनी नाताळ करून २ तारखेला परत बारडोलीकडे ऊसतोडीला गेले. तेव्हापासून पोर आईच्या आणि माझ्या ताब्यात.
२. ७.१० ला गावाखालच्या पाझर तलावावर. थंडी होती. तापमान मोजले नाही. तोंडातून वाफ दिसत होती.
३. सामान : बांबूची काठी एक, दोरा, गळ दोन, डब्यात गांडुळे, माशांसाठी दुसरा डबा, टॉवेल एक. बदलायचे कपडे नेले नाहीत.
४. काठावर मासे धरणारा वाहरूबाबा होता. त्याची मासळीची टोपली काठाशी अर्धी पाण्यात. मोहिनीला सांगितले, त्या टोपलीत हात घालायचा नाही. दोनदा सांगितले.
५. ७.३० ला मोहिनीच्या गळाला चिलापी लागली. माझ्या तर्जनीएवढी. तिचा पहिला मासा.
६. ७.४० च्या सुमारास मी पाठ करून दुसऱ्या गळाला गांडूळ लावत होते. मोठी किंकाळी, मग पाण्यात पडल्याचा आवाज.
७. पाणी तिच्या कमरेपर्यंत. लगेच बाहेर काढले.
८. रडे थांबेना. ‘हात, हात’ एवढेच. उजवा.
९. घरी पोहोचेपर्यंत वीस मिनिटे ओल्या कपड्यांत. टॉवेल गुंडाळला होता, पण तोही भिजला.
१०. ९ वाजता उजवा हात सुजलेला, मनगटापासून बोटांच्या मुळांपर्यंत. गरम लागतो. बोटे हलतात, हाड मोडलेले नाही. तळव्याला एक लाल ठिपका, काटाबिटा लागला असेल.
११. संध्याकाळी ५ ला ताप १००.४.

यात एक गोष्ट लिहिलेली नाही. ती क्रमात बसत नाही.

रविवार, ११ जानेवारी

ती गोष्ट लिहिते.

२०१९. डीएमएलटीचे, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या कोर्सचे, दुसरे वर्ष. प्रोजेक्टला सिकलसेलसाठी – आईबापांकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारासाठी – तीस नमुने हवे होते. मी गावी येऊन नातेवाइकांची, चर्चमधल्या लोकांची बोटे टोचली. नमुना १ मी स्वतः. नमुना १४ दादा. नमुना २२ सुषमा – तेव्हा वहिनी नव्हती, चर्चच्या गायकवृंदातली मुलगी होती.

१ : नाही. १४ : वाहक. २२ : वाहक.

कॉलेजच्या मोठ्या मशीनवरचा निकाल हातात आला तेव्हा साखरपुडा होऊन चार दिवस झाले होते. दोन्ही घरचे एका पंगतीत जेवले होते. मी स्वतःला सांगितले, विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट म्हणजे निदान नव्हे. नावे कुणाला सांगायची नाहीत असा नियमही होता. नियम खरा होता. पण मी त्याच्या आड उभी राहिले.

दुसरेही कारण होते. लग्न मोडले असते तर बोलणी दादाला बसली नसती. सुषमाला बसली असती. कार्डवाली पोरगी – वाहकाला तपासणीचे कार्ड मिळते – पुढच्या पाच गावांत कुणी विचारले नसते. वाहक माणसाला काहीही होत नाही हे मी कुणाकुणाला समजावत फिरले असते?

वाहक माणसाला काहीही होत नाही. दोन वाहकांच्या मुलाला होऊ शकते. चारात एक.

सिकलसेलच्या पोराला थंड पाण्यात भिजू द्यायचे नाही. मी रुग्णालयाच्या तपासणी शिबिरात हे वाक्य आयांकडून पाठ करून घेते. आणि हातापायाला सूज, ठणका, ताप – हेही मीच सांगते.

नोकरी लागल्यापासून चार शिबिरे झाली. मी चारशे बारा मुलांची बोटे टोचली. मोहिनीचे नाही. पहिल्या वर्षी म्हटले, फार लहान आहे. मग म्हटले, पुढच्या शिबिरात. तब्येत तर चांगली होती – धावते, खाते, भांडते.

आज चर्चमध्ये आईने उभे राहून नातीसाठी प्रार्थना मागितली. सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. पहिल्या बाकावर दोन वाहक, तिसऱ्यावर एक, दाराशी एक पेशंट. गावातल्या रक्ताचा नकाशा माझ्या डोक्यात आहे आणि आमच्या घराची जागा कोरी.

आईने कालपासून पोरीचा हात मिठाच्या गरम पाण्यात धरला आहे. पाण्यात हात असला की मोहिनी गप्प. काढला की रडे.

आई म्हणाली, (आमच्या बोलीत म्हणाली, लिहायचे मात्र मला मराठीतच जमते) “पोर पाण्यात पडली. गावातली कुठली पोर पडली नाही? तू तर दोनदा पडलीस. एवढं तोंड का उतरलंय?”

“ताप आहे तिला.”

“ताप तिला आहे. तुला काय झालंय?”

मी भांडी घासायला उठले.

सोमवार, १२ जानेवारी

ताप नाही. सूज आहे, किंचित कमी. एकच हात – हे मी वारंवार स्वतःला सांगते. सिकलसेलची सूज बहुधा दोन्ही हातांना येते, आणि याहून लहान मुलांना. पण बहुधा म्हणजे नेहमी नव्हे.

मोहिनीला जीपने रुग्णालयात नेले. डॉक्टरसाहेबांनी हात पाहिला, दाबला, सोडला. “पडली ना? मुरगळलाय. दोन दिवसांत उतरेल.”

मी म्हटले, “सर, सिकलसेलची टेस्ट करून घेते.”

“कर की. तुझीच लॅब आहे.” मग चष्म्यावरून पाहून, “तुझी भाची ना? अजून केली नव्हतीस?”

मी म्हटले, राहून गेली. राहून गेली! सहा वर्षांची गोष्ट दोन शब्दांत.

लॅबमध्ये फुलवंताबाई. त्या शहाद्याकडच्या, आमच्याकडे मदतनीस आहेत. माझ्याशी त्या अहिराणीतच बोलतात, मी मराठीत उत्तर देते.

“काय वं रूथताई, आज घरनी पोर लई उनी?” मी म्हटले, हो, भाचीला घेऊन आले.

मोहिनी स्टुलावर बसली. तिला मी रोज काय करते ते माहीत नव्हते. लॅन्सेटची सुई पाहिल्यावर डावा हात पाठीमागे नेला. मला ती फुई म्हणते, म्हणजे आत्या. “फुई, तू मला टोचणार? मी काय केलं?”

“काही नाही केलंस.”

“मग?”

फुलवंताबाईंनी तिला मांडीवर घेतले. “रडू नको माय. मुंगी चावस ना, तितलंच दुखस.”

मोहिनी म्हणाली, “मुंगीपेक्षा मोठं पण चावतं,” आणि उजवा हात पोटाशी घेतला. बोट मात्र पुढे केले.

टेस्ट केली. नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरली. रेघा दिसल्या नाहीत. गढूळ.

पुन्हा केली. कंट्रोलचे, म्हणजे निकाल आधीच माहीत असलेले, दोन्ही नमुने बरोबर. पुन्हा गढूळ.

म्हणजे सिकल आहे. वाहक की पेशंट हे ही टेस्ट सांगत नाही. त्यासाठी नमुना नंदुरबारला जातो, मोठ्या मशीनवर. रजिस्टरमध्ये लिहिले : मोहिनी दानियल, वय ५, स्त्री, पॉझिटिव्ह, पुढील तपासणीसाठी. अक्षर नेहमीसारखेच आले.

परत येताना जीपमध्ये ती माझ्या मांडीवर झोपली. सुजलेला हात माझ्या ओढणीत गुंडाळून घेतला होता, तिचा तिनेच.

मंगळवार, १३ जानेवारी

नमुना सकाळच्या गाडीने नंदुरबारला गेला. शुक्रवार म्हणाले. नाहीतर सोमवार.

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांतीचे तिळगूळ शेजारून आले. मोहिनीने डाव्या हाताने खाल्ले. सूज जवळजवळ उतरली तरी उजवा हात वापरत नाही.

रोज सकाळी तिच्या डोळ्यांचा पांढरा भाग पाहते. पिवळा आहे का. खिडकीपाशी नेते, अंगणात नेते. उजेड बदलला की मत बदलते. पोटावर हात ठेवून प्लीहा लागते का पाहते – हे माझे काम नाही, मला येतही नाही. ती हसते. तिला गुदगुल्या होतात.

पेटीतून प्रोजेक्टची वही काढली. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात क्रमांक आणि नावे. वाटले होते की कदाचित मला चुकीचे आठवत असेल. १४, २२. आठवण अचूक आहे.

दादाला फोन केला नाही. काय सांगू? पोर भिजली हे सांगितले तर हात सांगावा लागेल, हात सांगितला तर टेस्ट, टेस्ट सांगितली तर वही. एकही गोष्ट सुटी निघत नाही.

गुरुवार, १५ जानेवारी

आज काय झाले ते नीट लिहिते.

संध्याकाळी वाहरूबाबा घरावरून चालला होता. हातात तीच टोपली. मला पाहून थांबला.

“काय डॉक्टरीणबाई, परत नाही आलात? मासे विचारत होते, सुई टोचणारी बाई कुठे गेली म्हणून!”

मी डॉक्टर नाही हे त्याला शंभरदा सांगून झाले आहे. मी म्हटले, “पोरीचा हात सुजला होता, बाबा.”

मोहिनी माझ्यामागे होती. टोपली पाहिल्याबरोबर तिने माझा कुडता दोन्ही मुठींत धरला. दोन्ही! उजवी सुद्धा.

“यात आहे का ती काळी?” तिने विचारले.

“कुठली काळी?” मी विचारले.

बाबाने टोपली खाली ठेवली, उकिडवा बसला. “मिशावाली? शिंगी? आज नाही गावली. शनिवारी होत्या, तीन होत्या.” मग त्याने तिचा हात उलटा करून तळवा पाहिला. ठिपका आता काळसर झाला आहे. तो माझ्याकडे पाहायला लागला. “अगं, हिला शिंगीचा काटा लागलाय! मला वाटलं पोर पाण्याला भ्याली. मोठा माणूस रडतो त्यानं, मी रडलोय! तुमच्या दवाखान्यात एवढं कळत नाही?”

शिंगीच्या कल्ल्याजवळ दोन्ही बाजूंना काटा असतो, त्यात विष. हे मला माहीत आहे. माझ्या वडिलांच्या अंगठ्याला लागला होता. हात गरम पाण्यात घालायचा हेही माहीत आहे. आईने नकळत तेच केले.

मोहिनी आता ओठ बाहेर काढून रडायला लागली. “तू मारशील.”

“नाही मारत. टोपलीत हात का घातलास?”

“माझा मासा एकटा होता डब्यात. मी त्याला त्यांच्यात सोडला. मग काळीने मला चावलं. मग मी पडले.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तू दोनदा सांगितलं होतं ना, हात घालायचा नाही म्हणून!”

वाहरूबाबा हसून हसून खोकायला लागला. “म्हणजे ते चिलापीचं पिल्लू तुझं होतं? मी म्हणतो माझ्या टोपलीत हा कुठला पाहुणा! खाल्ला मी त्याला.”

झाले. आता चिलापीसाठी रडे. आईने गूळ दिला तेव्हा थांबले.

मग मी ही वही उघडून शनिवारचे पान वाचले. क्रमांक ६. ‘मोठी किंकाळी, मग पाण्यात पडल्याचा आवाज.’ आधी किंकाळी. पाण्यात पडणारे पोर पडल्यावर ओरडते. मीच लिहिले होते, अचूक लिहिले होते, आणि वाचले नव्हते. क्रमांक १० : लाल ठिपका. तोही लिहिला होता. सूज पाहिली आणि मला १४ आणि २२ दिसले. दुसरे काही दिसायला जागाच नव्हती.

हाताचा प्रश्न सुटला. नळी मात्र गढूळच होती.

शुक्रवार, १६ जानेवारी

११.२० ला रिपोर्ट मोबाईलवर आला. उघडला नाही. हातात सहा नमुने होते, ते पुरे केले. मग मोजे काढले, हात धुतले, खुर्चीवर बसले.

वाहक. पेशंट नाही.

आकडे तीनदा पाहिले. ए, म्हणजे साधे हिमोग्लोबिन, जास्त; एस, म्हणजे सिकलचे, कमी. नाव तपासले, वय तपासले, नमुना क्रमांक माझ्या रजिस्टरशी ताडला. वाहक.

फुलवंताबाई दारात उभ्या. “रिपोर्ट उना का?”

“आला. चांगला आहे.”

“चांगला शे, मंग तुन्हं तोंड आसं का बरं?”

मी म्हटले, ऊन लागले. जानेवारीत! त्यांनी पाण्याचा ग्लास आणून समोर ठेवला आणि माझी पाठ चोळली. मला कुणी हात लावलेले आवडत नाही. आज चालले.

परत येताना जीपमध्ये एकसारखा हिशेब चालू होता. चारात एक होता, तो टळला. माझी चूक होती, पण तिची शिक्षा कुणाला झाली नाही. वही जाळून टाकावी. मोहिनी मोठी होईल तेव्हा तिला सांगू, लग्नाआधी मुलाची तपासणी कर. शिबिरात सगळ्यांना सांगते तसेच. दादाला एवढेच सांगायचे – पोर वाहक आहे, काळजीचे कारण नाही. खोटे काहीच नाही त्यात.

घरी आल्यावर मोहिनीला उचलून दोनदा गोल फिरवले. आई पाहत राहिली. म्हणाली, “आता बोलशील?”

“काय बोलू?”

“मला काय माहीत? सहा दिवस पोटात काय ठेवलं होतंस ते.”

“काही नाही. कामाचं टेन्शन.”

“बरं,” आई म्हणाली. तिचे ‘बरं’ म्हणजे पटले नाही.

शनिवार, १७ जानेवारी

सकाळी पुन्हा तलावावर गेलो. मोहिनीनेच हट्ट धरला. या वेळी कपड्यांचे दोन जोड नेले, थर्मास नेला. वाहरूबाबाने टोपली दहा हात लांब ठेवली आणि वर मोठा दगड ठेवला. “डॉक्टरीणबाई, कुलूपच लावतो!”

मोहिनी गांडुळांना नावे देत होती. एकाचे नाव दानियल, बापाचेच. ते गळाला लावू दिले नाही.

दोन चिलाप्या मिळाल्या. दोन्ही तिने एकाच डब्यात घातल्या.

संध्याकाळी दादाचा फोन. उसाच्या फडापासून लांब कुठल्या तरी दुकानात चार्ज करून आणला होता. आधी मोहिनी बोलली, मग मी.

“ऐकलं मी! माझ्याशिवाय मासे पकडायला नेलंस? मी नेणार होतो तिला!”

“तू नाताळात नेणार होतास.”

“बरं बरं. मग? किती पकडले माझ्या वाघिणीने?”

मी मासे सांगितले. शिंगी सांगितली. तो आईच्या मिठाच्या पाण्यावर खूप हसला. टेस्ट मी सांगणार होते, खरेच सांगणार होते, वाक्य जुळवत होते – तेवढ्यात तो म्हणाला, “थांब, तुझ्या वहिनीला बोलायचंय.”

वहिनीचा आवाज दबका. “रूथताई, तुम्हाला आधी सांगते. आईंना आत्ताच सांगू नका. मला दोन महिने झाले.”

मी म्हटले, “काय?”

“दुसरं! उलट्या होतात हो फार. मोळी बांधता बांधता बसते मी. पण होतंच ना असं, मोहिनीच्या वेळी पण झालं होतं.” मागून दादा ओरडत होता, “तिला सांग, या पोराला पहिला मासा मी पकडून देणार! तिने मध्ये पडायचं नाही!”

मी म्हटले, “अभिनंदन, वहिनी. जड उचलू नका.” आणि फोन आईला दिला.

चारात एक. प्रत्येक बाळाला नव्याने चारात एक. मोहिनी सुटली म्हणून या बाळाचा धोका कमी होत नाही. हे मी शिबिरात बिया मांडून दाखवते, चार बिया, मूठ झाकून एक उचलायला लावते. आणि उचललेली बी दर वेळी परत ठेवते.

काल मी वही जाळणार होते.

रविवार, १८ जानेवारी

चर्चनंतर आईला सगळे सांगितले. तिने चुलीवरचा चहा उतरवला. मग म्हणाली, “त्यांना लिही. फोनवर नको, फोनवर तू अर्धंच बोलतेस.”

प्रोजेक्टच्या वहीचे शेवटचे पान उघडले, बाकीची नावे झाकून १४ आणि २२ चा फोटो काढला. त्याखाली हे लिहून दादाला पाठवले. नक्कल इथे ठेवते.

“दादा, हे वहिनीला वाचून दाखव. २०१९ मध्ये तुमच्या साखरपुड्यानंतर चार दिवसांनी मला कळले की तुम्ही दोघेही सिकलसेलचे वाहक आहात. मी सांगितले नाही. चूक माझी. वहिनीची नाही, तुझी नाही. मोहिनीची तपासणी झाली, ती वाहक आहे, आजारी नाही. येणाऱ्या बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक आहे. पोटात असतानाच तपासता येते, पण त्याचे आठवडे ठरलेले असतात, आणि त्याआधी तुम्हा दोघांचे रक्त इथे नीट तपासावे लागेल. बाळाची तपासणी करायची की नाही हे तुम्ही दोघे ठरवा. मी ठरवणार नाही. माझ्यावर रागवायचे असेल तर इथे येऊन रागवा. टोळीतून सुट्टी मिळून तुम्ही दोघे येऊ शकता का, आणि कोणत्या दिवशी, हे बुधवार २१ तारखेपर्यंत कळव. – रूथ”